प्रोबेशनर, तिला शिकवणारा अधिकारी आणि मधे मी

ठाण्यातला दिवा

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर फिरतो, आज कामाचं विचारायचं आहे. ठाणं, वयं, गुन्ह्याचे तपशील मुद्दाम बदलले आहेत, ओळखायच्या भानगडीत पडू नका.

पश्चिम विदर्भातलं ग्रामीण ठाणं. सत्तरेक गावं, मला धरून तीन अधिकारी, आणि उतारावर लावली तरच सकाळी सुरू होणारी एक बोलेरो. मी सपोनि (सहायक पोलीस निरीक्षक), म्हणजे आपल्याकडच्या बोलीत ठाणेदार. यंदा पावसाळ्याच्या तोंडावर नाशिकच्या अकादमीतून एक प्रोबेशनर पीएसआय, म्हणजे अजून शिकाऊ असलेली पोलीस उपनिरीक्षक, प्रात्यक्षिक प्रशिक्षणासाठी आमच्याकडे आली. कोरडवाहू घरातली मुलगी, एमपीएससी स्वतःच्या जिवावर काढलेली. तिला मी माझ्या हाताखालच्या पीएसआयकडे सोपवलं. तो एकतीसचा, अविवाहित, कामाला चोख. ठाणे अंमलदाराच्या टेबलापासून मर्गापर्यंत (अकस्मात मृत्यूच्या चौकशीपर्यंत) सगळं त्याने शिकवायचं, दर आठवड्याला तिच्या प्रशिक्षणाच्या वहीत शेरा लिहायचा आणि मी खाली सही करायची, अशी व्यवस्था.

दोन महिन्यांपासून दोघांचे डबे एकत्र उघडतात. रात्रगस्तीला तिचं नाव त्याच्याच गाडीवर असतं. इथवर मी डोळेझाक केली. परवा कापूसचोरीच्या गुन्ह्याची फाईल चाळत होतो. घटनास्थळ पंचनामा तिने लिहिलेला. चतुःसीमेत तिने लिहिलं होतं, ‘पूर्वेस शेत, पश्चिमेस शेत.’ त्यावर रेघ मारून शेत कुणाचं, धुरा (बांध) कोणत्या अंगाला, नाला किती पावलांवर, हे सगळं त्याच्या अक्षरात भरलेलं.

दोघं सज्ञान, दोघं बिनलग्नाचे, तक्रार कुणाचीच नाही. एका जुन्या वरिष्ठांना आडून विचारलं तर म्हणाले, “लग्न लावून दे अन् मोकळा हो.” बायको म्हणते, “तुम्ही दुसऱ्यांच्या डब्यात कशाला डोकावता?”

मी मधे पडावं का? पडायचं तर आधी कुणाशी बोलावं?

वऱ्हाडी ठेचा

साहेब, पत्रिका राहू द्या, चतुःसीमा तर जुळली नं!

सांजवात

ठेचा, =)) =))

धागाकर्ते, तुमच्या सौ. बरोबर आहेत. दोन मोठी माणसं एकत्र जेवली तर गुन्हा कुठल्या कलमाखाली?

निवृत्त जमादार

ठाणेदार साहेब, जयहिंद. मी ८४ ची भरती, सहायक फौजदार म्हणून घरी बसलो. बोटं जाड हायेत, टायपिंग चुकलं तर पोट्ट्यांनो हसू नका.

सांजवात ताई, डब्याचं सोडा. मले त्या खाडाखोडीचं वाईट वाटलं.

माह्या पहिल्या मर्गाची गोष्ट सांगतो. विहिरीतून बाई काढली होती. माह्या डोक्यावर एक जुने हवालदार होते, चौथी शिकलेले, पण अक्षर मोत्यासारखं. त्यांनी मले विहिरीच्या थारोळ्यावर बसवलं अन् म्हणाले, लिही पंचनामा. मी लिहिला. त्यांनी वाचला अन् टराटरा फाडला. पुन्हा लिहिला, पुन्हा फाडला. तिकडे माहेरचे लोकं छाती पिटून राह्यले, इकडे मी घामाघूम. तिसऱ्यांदा फाडला तवा मले रडूच आलं. मंग ते म्हणाले, “चपला कुठी होत्या, काठावर का पाण्यात? हे तू लिहिलंच नाही. काठावर जोडीनं ठेवल्या असतील त एक गोष्ट हाये, एक पायात अन् एक पाण्यावर असन त दुसरी गोष्ट हाये. उद्या वकील हेच विचारन.” चौथा कागद वाचून खिशात घातला अन् म्हणाले, “आता भाकर खा.”

अडतीस वर्षांत चपला लिहायचं मी कधी विसरलो नाही. तुमच्या पीएसआयनं तो कागद फाडाले पाह्यजे होता. त्याच्यानं फाडवला नसन, कारण समोरची रडन हे त्याले पाहावलं नसतं. म्हणजे दोष पिरमाचा नाही म्हणा, पण पोरगी कच्ची राहून राह्यली.

तुरीची शेंग

जमादार काका, दंडवत. अंगावर काटा आला.

खाकी ओढणी

मी शिपाई आहे, विदर्भातच, नाव-गाव सांगणार नाही. दुसरी बाजू सांगते.

आम्ही चौघी नव्याने ठाण्याला आलो होतो. आम्हाला ज्यांच्याकडे दिलं होतं त्यांचा एकीवर जीव. तिला सीसीटीएनएसचं, म्हणजे कॉम्प्युटरवर गुन्ह्यांच्या नोंदी भरायचं काम, पंख्याखाली. आम्हा तिघींना समन्स-वॉरंट घेऊन उन्हात गावोगाव, बंदोबस्त, आणि दवाखान्यात पोस्टमॉर्टेमसाठी बॉडीजवळ रात्रभर बसणं. तेव्हा तिचा फार राग यायचा. आता वाटतं, तिचंही नुकसानच झालं. तीन वर्षांनी तिला पहिल्यांदा बॉडीजवळ एकटं बसावं लागलं तेव्हा तिने मला रात्री दोनला फोन केला होता.

आणि पुढचं ऐका. चर्चा वाढली, वरपर्यंत गेली. बदली कुणाची झाली? तिची. रातोरात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. साहेब होते तिथेच राहिले आणि पुढच्या बॅचलाही त्यांनीच शिकवलं. नवीन ठाण्यात ती पोचायच्या आधी तिची कीर्ती पोचली होती.

म्हणून दिवा सर, तुम्ही मधे पडाल तेव्हा हलवायची वेळ आली तर आधी कोणाला हलवता ते आम्ही बघू. राग मानू नका.

वऱ्हाडी ठेचा

@खाकी ओढणी, यावर मस्करी सुचली नाही. सॉरी.

काळा कोट

वकिली करतो, फौजदारी बाजू. दोन गोष्टी वेगळ्या ठेवू.

एक, कायदा. दोन सज्ञान सहकाऱ्यांचं राजीखुशीचं नातं हा गुन्हा नाही. विशाखा निकाल १९९७ चा आणि त्यावर उभा राहिलेला २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा, दोन्हींत मुद्दा ‘नको असलेल्या’ वागणुकीचा आहे. पण त्याच कायद्याचं कलम ३ वाचा. नोकरीत झुकतं माप देण्याचं उघड किंवा आडून दिलेलं आश्वासन, किंवा नोकरीला धोका पोचेल अशी धमकी, ही परिस्थिती अशा वागणुकीला जोडलेली असेल तर तो छळ ठरू शकतो. आज दोघं एकत्र जेवतात. उद्या बिनसलं आणि ती म्हणाली, ‘माझ्या वहीवर शेरा लिहिणारा तोच होता, मी नाही कशी म्हणणार होते?’ तर तुमचा पीएसआय काय उत्तर देईल? खरोखरच राजीखुशी असली तरी ती सिद्ध करायला त्याच्याकडे काही नाही, कारण पेन त्याच्या हातात होतं. म्हणजे पेन काढून घेणं हे त्याच्याही भल्याचं आहे.

शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांत तक्रार करता येते, समिती कारणं नोंदवून आणखी ३ महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. तुमच्या जिल्ह्याच्या अंतर्गत समितीची अध्यक्ष कोण, हे तुमच्या ठाण्यातल्या मुलींना माहीत आहे का? बोर्डावर नाव लावलंय का? का बोर्डावर अजून मागच्या सालची गुन्ह्यांची आकडेवारी आहे?

दोन, ती खाडाखोड. बाकी सगळं एका पारड्यात आणि हे एका पारड्यात. खटला उभा राहील तेव्हा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ती असेल. माझ्यासारखा कुणीतरी कागद पुढे धरून विचारेल, “मॅडम, हे अक्षर कोणाचं? हे अधिकारी घटनास्थळी हजर होते? मग पंचनाम्यात त्यांचं नाव का नाही? पंचांनी सही केली तेव्हा हा मजकूर होता का?” चार प्रश्नांत पंचनामा गेला आणि कापूस चोराचा झाला.

सांजवात

काळा कोट, माझा मुद्दा मागे घेते. डब्यापुरता ठेवते.

विदर्भातला भिडू

म्हणूनच म्हणतो, बायकांना खात्यात घेतलं की ह्या भानगडी आल्याच. ३० टक्के आरक्षण देऊन

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. विषयाला धरून लिहावे.

खाकी ओढणी

काढलात कशाला, राहू द्यायचा होता. मी उत्तर टाइप केलं होतं.

निवृत्त जमादार

भिडू भाऊ, ठाण्यात फक्त पुरुष माणसं होती तवा बी भानगडी होत्या. नुसत्या दारूच्या. सांगू का?

अकोल्याचा परदेशी

मूळचा अकोल्याचा, आता बरीच वर्षं कॅलिफोर्नियात. पोलीस नाही, सॉफ्टवेअरवाला. पण इथल्या पोलिसांचा नागरिकांसाठी एक वर्ग असतो, तो मी केलाय, आणि हा विषय तिथे निघाला होता.

सॅन होजे शहराच्या पोलिसांनी १९७२ च्या सुमारास प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची एक पद्धत बसवली आणि पुढे ती अमेरिकेत खूप ठिकाणी उचलली गेली. नवशिक्याला एकाच प्रशिक्षकाच्या हवाली करत नाहीत. टप्प्याटप्प्याने वेगवेगळ्या प्रशिक्षकांबरोबर फिरवतात, रोजचं निरीक्षण लिहितात आणि १ ते ७ असे गुण देतात. एकाची माया किंवा एकाचा आकस पुढच्या टप्प्यात उघडा पडतो. नंतर रीनो शहराकडून दुसरी पद्धत आली. तिच्यात शिकवणारा वेगळा आणि जोखणारा वेगळा. शिकवणाऱ्यापुढे चुका करायच्या, परीक्षा दुसऱ्यापुढे द्यायची.

इथेही प्रेमं जुळतातच. पण बऱ्याच विभागांत नियम आहे की प्रशिक्षकाने प्रशिक्षणार्थीशी असं नातं ठेवायचं नाही, आणि जबाबदारी प्रशिक्षकावर असते.

तुरीची शेंग

परदेशी भाऊ, ऐकायला गोड आहे. दिवा सरांच्या ठाण्यात अधिकारी तीन. एक रजेवर, एक कोर्टात, एक बंदोबस्तात. फिरवायचं कोणाकडे, बोलेरोकडे?

अकोल्याचा परदेशी

खरं आहे. :) पण शेरा लिहिणारा बदलायला जास्तीचा माणूस लागत नाही. सही करणारा होताच की.

वऱ्हाडी ठेचा

अवांतर: परदेशी भाऊ, तिकडे तुरीच्या दाण्याची आमटी मिळते का हो?

अकोल्याचा परदेशी

फ्रोझन तूर मिळते. तिच्याबद्दल बोलायला नको.

खाकी ओढणी

अवांतरच चाललंय तर माझंही. दिवा सर, तुमच्या ठाण्यात महिलांसाठी वेगळं स्वच्छतागृह आहे का? कडी लागणारं? आमच्याकडे होतं, त्यात मुद्देमालाचे सडव्याचे (दारूसाठी आंबवलेल्या मोहाचे) ड्रम ठेवले होते. वॉशआऊट, म्हणजे गावठी दारूवर धाड, करून आलं की मोहाच्या त्या आंबूस वासातच कपडे बदलायचे. शेवटी त्या साहेबांनीच ड्रम हलवले, ज्यांच्याबद्दल मी वर लिहिलं. म्हणून माणूस सरळ वाईट होता असंही म्हणवत नाही. मदत करणारा तोच, वाट लावणाराही तोच. तुमच्या प्रोबेशनरला सुद्धा ठाण्यात आपुलकीने विचारणारा तो एकटाच असेल, हेही बघा.

ठाण्यातला दिवा

सगळ्यांचे आभार. स्वच्छतागृह आहे, कडी आहे, बल्ब नव्हता. आज लावला. तुमचं शेवटचं वाक्य बोचलं. समितीच्या बोर्डाचं विचाराल तर काळा कोट यांचा अंदाज बरोबर आहे. आमच्या बोर्डावर मागचं नव्हे, त्याच्याही मागचं साल आहे.

नातं खरं आहे की लोकांच्या तोंडची चर्चा, हे मला अजूनही नक्की माहीत नाही. मोबाईल बघणं, हवालदाराला मागावर लावणं, असलं काही करणार नाही.

काळा कोट

करूही नका. ‘तुमच्यात काय चाललंय’ हे विचारूच नका. ‘या वहीवर यापुढे तुमचा शेरा नसेल’ एवढं सांगा. चर्चा खोटी असली तरी कुणाचं काही बिघडत नाही, खरी असली तरी प्रश्न सुटतो. आणि एसडीपीओ (उपविभागीय पोलीस अधिकारी) साहेबांना दोन ओळींचा कागद पाठवून ठेवा, कारण ‘प्रशिक्षणाच्या सोयीसाठी’ एवढंच. मुलीच्या नावापुढे एक शब्दही जास्त नको.

परसबाग

वाचनमात्र होते, आज लिहिते. माझं लग्न असंच झालंय.

मी प्रोबेशनर नव्हते, साधी शिपाई. हे माझ्याहून आठ वर्षं सीनियर, मला बीटवर घेऊन जायचे. जुळलं तसं यांनी स्वतःच जाऊन ठाणेदारांना सांगितलं, ‘साहेब, हिला माझ्याकडून काढा, माझं मन तिच्यात आहे.’ मला न विचारता सांगितलं म्हणून मी महिनाभर बोलले नाही, तो भाग वेगळा. मला एका म्हाताऱ्या हवालदारांकडे दिलं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझे जुने कागद मागवले आणि ढीगभर चुका दाखवल्या. जबाबात ‘समक्ष’ कुठे लिहायचं, फिर्यादीचे शब्द त्याच्याच बोलीत कसे ठेवायचे, काही काही येत नव्हतं मला. यांनी एकही चूक कधी दाखवली नव्हती. विचारलं तर म्हणाले, ‘मला दिसल्याच नाहीत.’ आणि खरंच दिसल्या नसतील, हेच तर.

आज दोन मुलं आहेत, संसार छान आहे. पण कुठे चांगला तपास केला की अजून कुणीतरी म्हणतंच, ‘हिला काय, घरीच मास्तर.’ त्या हवालदारांचं नाव कुणी घेत नाही.

निवृत्त जमादार

परसबाग ताई, तुमच्या मालकाले माहा जयहिंद सांगा. असं जाऊन सांगाले छाती लागते.

बाकी आता नव्या कायद्यानं कलमांचे सगळे नंबर बदलले म्हणतात. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, मर्गाच्या १७४ चं १९४. एका पोट्ट्यानं सांगितलं, काका फसवणुकीचं ४२० आता ३१८ हाये. म्हटलं, मंग लोकं शिवी कशी देतील?

वऱ्हाडी ठेचा

“तू एक नंबरचा तीनशेअठरा आहेस.” वजनच नाही हो काका त्याच्यात.

तुरीची शेंग

१ जुलै २०२४ पासून मराठीतल्या शिव्याही जुन्या झाल्या.

पण एक विचारते. झडतीचं आता व्हिडिओ चित्रीकरण करायचं असतं ना? मग त्या पंचनाम्याचं काय?

काळा कोट

झडती आणि जप्तीचं, हो, नव्या संहितेचं कलम १०५. म्हणजे कापूस जप्त करतानाच्या चित्रीकरणात कोण दिसतं, कागदावर कोणाचं अक्षर दिसतं आणि सही कोणाची, हे तिन्ही आता शेजारी शेजारी ठेवून बघता येईल. आम्हा बचाव पक्षाची चैन.

ठाण्यातला दिवा

दहा दिवसांनी येतोय. पोळ्याचा बंदोबस्त होता, आमच्याकडे एका गावात तोरणावरून दोन गट समोरासमोर येतात.

आधी पीएसआयला बोलावलं. तुम्ही सांगितलं तसंच सांगितलं, चौकशी काही केली नाही. तो थोडा वेळ टोपी हातात फिरवत राहिला आणि मग म्हणाला, “सर, मीच सांगणार होतो, धीर होत नव्हता.” बाकी काही विचारलं नाही. त्याला बीट आणि प्रलंबित गुन्हे दिले, गस्तीचा तक्ता बदलला. जागेवरून तिला नाही, त्याला हलवलं. खाकी ओढणी, नोंद घ्यावी. एसडीपीओंना दोन ओळी गेल्या. कापसाच्या फाईलमधली खाडाखोड मी झाकलेली नाही, ती कोणी आणि कधी केली याची नोंद घेतली आहे. व्हायचं ते कोर्टात होईल.

मग तिला बोलावलं. म्हटलं, आजपासून तुमची वही माझ्याकडे. मला वाटलं रडेल, नाहीतर चिडेल. ती शांतपणे म्हणाली, “सर, आधीची वाचली का तुम्ही?”

मी म्हटलं, सही आहे ना माझी. ती म्हणाली, “सही आहे.”

ती गेल्यावर वही उघडली. अकरा आठवडे. त्याचे शेरे ‘उत्तम’, ‘अतिउत्तम’, ‘प्रगती समाधानकारक’. प्रत्येकाखाली माझी सही. समोरच्या पानावर प्रशिक्षणार्थीने स्वतःच्या अडचणी लिहायची जागा असते. तिसऱ्या आठवड्यात तिने लिहिलंय, ‘पंचनाम्यात चतुःसीमा कशी घ्यावी हे समजले नाही, पुन्हा समजावून मिळावे.’ पाचव्यातही तेच. आठव्यात लिहिलंय, ‘चुका परस्पर दुरुस्त केल्या जातात, मला परत मिळत नाहीत.’ त्याखाली माझी सही, निळ्या शाईत, तारखेसकट. नवव्यापासून ते पान कोरं आहे.

धागा काढला तेव्हा मी तुम्हाला त्या दोघांबद्दल विचारत होतो.

सांजवात

बाप रे.

परसबाग

दिवा सर, आठव्या आठवड्याचं पान तिने तुमच्यासाठी लिहिलं होतं.

निवृत्त जमादार

साहेब, उद्या सकाळी तिले घेऊन कोन्या बी शेतात जा. गुन्हा नसला तरी चालन. धुऱ्यावर बसवा अन् चतुःसीमा लिहाले लावा. चुकली त फाडा. मंग भाकर खाऊ घाला, उपाशी ठेवू नका.

ठाण्यातला दिवा

काका, आज सकाळीच गेलो होतो. दोन फाडले. तिसऱ्यात उत्तरेला शेजाऱ्याची तूर, पूर्वेला पांदण (शेतात जायची वाट), सगळं आलं. बोलेरो मात्र परत येताना सुरू होईना, पांदणीत दोघांनी ढकलली.

वऱ्हाडी ठेचा

ढकलताना तुम्ही कोणत्या दिशेला होते अन् मॅडम कोणत्या, हे पंचनाम्यात घेतलं का?